जित्या लिंबाचा मृत्युलेख

मंगळवार, २ मे १९९५. बारामती

स्टँडसमोरच्या रामभाऊंनी आजपासून चहाबरोबर बशी देणं बंद केलं. या घटनेची नोंद कोणताही इतिहासकार घेणार नाही, म्हणून मी घेतो. या गावात बातमीदार म्हणून आलो तेव्हापासून मी जगाकडे बशीच्या काठावरून पाहत आलो आहे. आमदार पडले, उभे राहिले, कालवे फुटले, उसाचे भाव चढले, पण बशी होती. आज समोर नुसता काचेचा पेला आला. कारण विचारलं तर म्हणाले, "बश्या फुटत्यात साहेब. गिलास पडला तरी टिकतो." न्यायशास्त्राच्या दृष्टीने हेतू निर्दोष आहे. पण चहा निववायचा कशात, असं विचारल्यावर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. जीभ पोळली.

संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला. अंथुर्ण्याचा किराणा दुकानदार. "साहेब, दुपारच्या वळवात मेंढरांचा लिंब गेला! पार गेला बघा!" एवढं बोलून लाईनही गेली.

मेंढरांचा लिंब, म्हणजे तिथला जुनाट कडुलिंब, मी एकदाच पाहिला आहे, तोही इंदापूरच्या एस.टी.च्या खिडकीतून. पण ऐकून बरंच माहीत आहे. पूर्वी या भागातली मेंढपाळ घरं कोकणातून परतली की त्याच लिंबाखाली लोकर कातरायची. तिथेच सोयरिकी ठरायच्या, तिथेच मोडायच्या. आता मेंढरं राहिली नाहीत. कुणी ऊस लावतो, कुणी ट्रक चालवतो, एक जण म्हणे पुण्यात वकील आहे. लिंब तेवढा जागेवर होता.

पुण्याच्या डेस्कने पंधरा ओळी मागितल्या. मी चाळीस दिल्या. 'वृक्षराज' दोनदा आला, 'छत्र हरपले' एकदा. शेवटचं वाक्य तर असं उतरलं की मीच ते दोनदा मोठ्याने वाचलं.

योगिनी, म्हणजे आमची सौ., मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. बघून आलात का?"

मी म्हणालो, "मृत्युलेखाला प्रेत बघावं लागत नाही."

"गणितात बघावं लागतं," ती म्हणाली आणि आमटीला फोडणी द्यायला गेली.


गुरुवार, ४ मे

छापून आला. चौकटीत, पान तीनवर, एकही शब्द न कापता. डेस्कवरचा माणूस बहुधा रजेवर असावा. रामभाऊ म्हणाले, "साहेब, वाचताना डोळं भरलं." बशी मात्र दिली नाही.


शुक्रवार, ५ मे. रात्र

सकाळी ऑफिसच्या दारात एक तरुण शेतकरी उभा. धुळीने माखलेली हिरो होंडा, हातात माझा लेख, चेहऱ्यावर रागाचा पूर.

"हे तुमीच लिव्हलं?"

मी नम्रतेने होकार दिला. स्तुती ऐकताना मी नेहमीच नम्र असतो.

"मी नागेश. लिंब आमच्या दारात हाय. 'हाय' म्हणतोय मी. तुमी त्याला मारून टाकला. काल दुपारपासनं आमच्याकडं माणसं मयताला याय लागल्यात! चला, बघाच तुमी."

त्याच्या मागे बसून अंथुर्ण्याला गेलो. चाळीस ओळींची शिक्षा त्या रस्त्याने पाठीला दिली.

अंगणात जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पाहुणे भाकरी-पिठलं बांधून नेतात. त्याला कडू घास म्हणतात. तो कडू घास घेऊन माणसं बसली होती. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या ओट्यावर रांगेने ठेवलेल्या. बायका पदर तोंडाला लावून, पुरुष टोप्या मांडीवर काढून. आणि ज्याच्या सुतकाला ते आले होते तो त्यांच्या डोक्यावर, अर्धा का होईना, हिरवागार उभा होता.

लिंब दुबेळक्यातून, म्हणजे खोडाला दोन अंगं फुटतात तिथून, फाटला आहे. एक अंग उसात आडवं झालंय. दुसरं अंग शाबूत आहे, पण वाकून उभं आहे. ते वाकलंय नागेशच्या दोन नव्या खोल्यांवर. बुंध्यात उभी चीर, माझा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी.

घराची मालकीण सारजाबाई. नागेशची आई, साठीच्या आसपासची, काटक. मला वाटलं, आता हिच्याकडून उद्धार होणार. तिने मला पाट दिला आणि म्हणाली, "बसा भाऊ. तुमी लिव्हलं म्हणून पाहुणं तरी आलं. पाच वर्सांत कोण फिरकलं न्हवतं."

इतक्यात सांगवीहून सोनबा तात्या आले. सारजाबाईंचे चुलत दीर, उभा जन्म मेंढरांमागे गेलेला, आता लेकाकडे असतात. पांढरा पटका, हातात काठी. फाटकातूनच त्यांनी हंबरडा फोडला, "आरं माझ्या लिंबा रं!" आणि मग वर पाहिलं. हंबरडा तिथेच थांबला. पटका सावरत लिंबाला एक फेरी घातली, बुंध्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे रागाने बघितलं.

"आरं, ह्यो तर जिता हाय! मग रडताय कशापायी?"

"तुमीच रडत आला, तात्या," नागेश म्हणाला.

"मी पेपर वाचून रडलो. तुमी तर म्होरं बसून रडताय."

भाकऱ्या आणल्याच होत्या, त्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. सुतकाचं जेवण जित्या माणसासमोर (झाडासमोर) बसून झालं, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पिठलं उत्तम होतं.

जेवणं झाल्यावर नागेशची बायको प्रतीक्षा चहा घेऊन आली. कपाबरोबर बशी होती. मी तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ती वर वाकलेल्या फांदीकडे पाहत होती. कडेवर तीन वर्षांची पायल, डोळ्यांत झोप.


शनिवार, ६ मे

दुरुस्ती दिली. 'लिंब अंशतः हयात.' डेस्कने फोन करून विचारलं, झाड अंशतः हयात कसं असतं? मी म्हणालो, बहुतेक माणसं असतात तसंच.


बुधवार, १० मे. अंथुर्णे

आज माझं तिथे काही काम नव्हतं. इंदापूरला पाणीवाटपाची बैठक होती, तिथून परतताना उतरलो, एवढंच.

वाद पेटला आहे. पूर्वपक्ष नागेशचा: तोडा. उत्तरपक्ष सोनबा तात्यांचा: ठेवा. तात्या सांगवीला परत गेलेच नाहीत, भाकरी संपली तरी मुक्काम हलवला नाही.

"माझ्या अक्षता ह्या लिंबाखाली पडल्यात," तात्या.

"तुमच्या पडल्या, तात्या. आता लिंब पडंल. खाली माझी पोरगी झोपती."

"मग तितं घर बांधलंस कशाला?"

यावर नागेशने आईकडे बघितलं. सारजाबाई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जागा मी दावली. म्हटलं, सावली हाय, पत्र्याची भट्टी नको पोरीला. स्लॅब टाका, लिंब वर हायच."

मग ती या वादात एक शब्द बोलली नाही. मला हे खटकलं. लिंबाखाली सासऱ्याने लोकर कातरली, नवऱ्याने कातरली, इतक्या वर्षांचा संबंध, आणि आता बाई ज्वारीतले खडे मोजत बसली आहे. म्हातारपणी माणसं कोरडी होतात, असं वाटून गेलं.

तेवढ्यात माळेगावहून सोमनाथ आला. कारखान्यात फिटर आहे. याचं आजोळ अंथुर्णं. शाळेचं छप्पर उडालं त्या वर्षी त्याची तिसरी या लिंबाखाली भरली होती. माझा लेख त्यानेही वाचला होता, पण दुरुस्तीसकट, त्यामुळे भाकरी न आणता टेप घेऊन आला. "जय भीम, मावशी," म्हणाला. सारजाबाई म्हणाली, "ये रं सोमनाथा. आईचं गुडघं कसं हायत?"

त्याने बुंध्याभोवती टेप धरली, चिरेत बॅटरी मारली, कान लावून काठीने ठोकलं. म्हणाला, वरचं वजन उतरवायचं, आणि चिरेच्या आरपार गिरमिटाने भोकं पाडून आटे पाडलेल्या सळया घालायच्या, दोन्ही बाजूंनी जाड वायसर आणि नट. फाटकी चप्पल शिवावी तसं.

"टिकंल?" नागेश.

"मी मशिनी बांधतो, नाग्या. झाडं न्हाय. मशीन मोडली तर सुपरवायझर शिव्या देतो, झाड मोडलं तर काय हुतंय ते तुला ठावं."


रविवार, १४ मे

आज बैठक बसली. लेख वाचून आलेल्यांतले निम्मे पुन्हा आले, या वेळी बायकापोरांसह. मी वही काढून पहिल्या रांगेत. खरं तर माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, आणि खुर्ची ठेवली की माणसाला मत असावं लागतं.

दोन तास बोलणं झालं. सोनबा तात्यांनी लिंबाची वंशावळ सांगितली. कुणी म्हणालं देव कोपेल, कुणी म्हणालं देवाला सांगून तोडू. वकिलाने म्हणे पुण्याहून निरोप पाठवला होता, पण निरोप आणणारा निरोपच विसरला. जवळपास सगळे 'ठेवा' म्हणत होते. उत्साह असा की एकाने नारळसुद्धा आणला होता. नागेश एकटा पडला. तो भिंतीला टेकून उभा, हाताची घडी घातलेली.

तेव्हा सारजाबाई उठली. मला वाटलं, आता ही लिंबाच्या बाजूने बोलणार आणि निकाल लागणार. मी पेन सरसावलं.

ती म्हणाली, "तुमी समदी सांजच्याला घरला जाणार. लिंब पडंल तो तुमच्यावर पडणार न्हाय. माझ्यावर बी न्हाय, मी जुन्या घरात निजते. ज्याच्या डोक्यावर हाय त्यानं बोलावं." आणि दाराकडे वळून, "पोरी, भाईर ये."

प्रतीक्षा बाहेर आली. हात पिठाचे. त्या अंगणात मोठ्यांसमोर सुनेने बसून बोलण्याची रीत नाही, उभं राहून बोलण्याचीही फारशी नाही. सोनबा तात्या चुळबुळले. सारजाबाईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तात्यांनी काठीची मूठ निरखायला सुरुवात केली.

प्रतीक्षाने भाषण केलं नाही. प्रश्न विचारले.

"सोमनाथ भावजी, सळया घातल्या म्हंजी पडणार न्हाय, असं छातीवर हात ठिवून सांगता?"

"न्हाय सांगता येत, वहिनी."

"तात्या, तोडायचा म्हटला तर घरावर न पाडता तुटंल?"

तात्यांनी वर पाहिलं, मान हलवली. "ते बी सांगता यायचं न्हाय. वजन समदं तिकडंच हाय. दोऱ्या लावाव्या लागतील. तरीबी..."

मग ती माझ्याकडे वळली. "आन् तुमी? तुमी माझ्या जागी असता तर?"

मी उभा राहिलो. परंपरा, पर्यावरण, सावली, येणाऱ्या पिढ्या. वाक्यं लांब होती पण एकही घसरलं नाही. शेवटी म्हणालो, "मी असतो तर ठेवला असता."

"तुमी बारामतीत झोपता," ती म्हणाली.

सगळं अंगण हसलं. नागेश सगळ्यात जोरात हसला. मी सगळ्यात शेवटी.

ती म्हणाली, "उद्या सांगते," आणि आत गेली. एवढी माणसं जमवून निकाल उद्यावर ढकलणारं न्यायालय मी पाहिलं नव्हतं. नारळ आणणाऱ्याने नारळ परत पिशवीत घातला.


सोमवार, १५ मे

आज मी पुन्हा गेलो. योगिनीने डबा भरून देताना विचारलं, "बातमी आहे, की निकालाची उत्सुकता?" मी म्हणालो, उत्सुकता हीच बातमीची जननी. ती म्हणाली, "मग आज एक पोळी जास्त घेऊन जा. तुमची बातमी उपाशी राहते."

अंथुर्ण्यात या वेळी फक्त घरची माणसं आणि तात्या. प्रतीक्षाने मला बुंध्याजवळ नेलं. चिरेच्या पार खालच्या टोकाला खताच्या पिशवीचा तुकडा दोरीने बांधलेला होता. तो तिने उचलला. खाली, चिरेच्या या काठापासून त्या काठापर्यंत, कागदाच्या तीन पट्ट्या ताणून चिकटवलेल्या.

"वळीव झाला त्या सांजंलाच लावल्या. खळीनं. आमच्या माहेरी भिंतीला चीर गेली तवा गवंड्यानं असाच कागद लावला हुता. चीर वाढली की कागद फाटतो."

म्हणजे मी बारामतीत बसून 'छत्र हरपले' लिहीत होतो, त्याच वेळी ही बाई इथे पिठाची खळ करत होती. आम्ही इतके दिवस हा लिंब पाहून गेलो. तात्यांनी वंशावळ सांगितली, सोमनाथने टेप लावली, तरी पिशवीच्या तुकड्याखाली काय आहे हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. सारजाबाईलाही माहीत नव्हतं. ती पुढे आली, वाकली, पट्टीवरून बोट फिरवलं. मग उजवा हात सुनेच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"न्हाय फाटला," प्रतीक्षा म्हणाली. "परवाच्या वाऱ्यात बी न्हाय. मी स्लॅबवर जाऊन बघत हुते. शेंडा हलतो, बुंधा हलत न्हाय. म्हणून ठिवायचा. पण असं." आणि तिने बोटांवर मोजत अटी सांगितल्या. वरचं वजन उतरवायचं. सळया घालायच्या. दसऱ्यापर्यंत तिघांनी जुन्या घरात सासूजवळ निजायचं. कागद फाटला तर दुसऱ्या दिवशी लिंब तोडायचा, आणि त्या वेळी कुणी बैठक घ्यायची नाही, कुणी रडायचं नाही.

"आन् पयली कुऱ्हाड मी घालीन," सारजाबाई म्हणाली.

नागेशने बायकोकडे असं पाहिलं, जसं नवीन माणसाकडे पाहतात. मग म्हणाला, "दोरी आणतो," आणि मोटरसायकलकडे गेला. दोरी आज लागणार नव्हती.

मी न्यायशास्त्र शिकलो, मीमांसा शिकलो. इतका नेटका निर्णय मी ग्रंथात वाचला नाही. पाठ्यक्रमात या बाईंना घ्यायला हवं, असं योगिनीला सांगितलं. ती म्हणाली, "आधी पेपरात घ्या."


रविवार, २१ मे

आज काम झालं. सोमनाथने सुट्टी घेऊन बारामतीतून सळया आणल्या, घरी आटे पाडले. पोरं दोऱ्या बांधून वर चढली आणि एकेक फांदी करवतीने उतरवली. खाली सोनबा तात्या काठी उंचावून आज्ञा देत होते. जन्मभर मेंढरांसाठी झाडांचा पाला ओरबाडला, शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आज झाड छाटायला सगळा गाव त्यांना विचारतोय, याचं त्यांना काय सुख झालं होतं! पोरं विचारत होती आणि मग आपल्याच मनाने करत होती, ही गोष्ट वेगळी.

"शिरप्या, ती न्हाय, ती! आरं तुझा बा बी असाच आंधळा हुता!"

"तात्या, बाला मधी आणू नका, हात सुटतील!"

दुपारी गिरमीट बुंध्यात अडकलं. सोमनाथ आणि नागेश दोघं लोंबकळले तरी निघेना. शेवटी सारजाबाईने तव्यावरचं तेल आणून ओतलं आणि निघालं. नट आवळताना चीर मिटली नाही, पण करकर आवाज झाला, आणि खालची सगळी माणसं एकदम मागे सरली. मी सर्वात मागे होतो, तिथून आणखी मागे गेलो.

प्रतीक्षाने जुन्या पट्ट्या सोडवल्या आणि नव्या लावल्या. कागद म्हणून तिने वर्तमानपत्र फाडलं. जवळ जाऊन पाहिलं तर माझाच लेख. एका पट्टीवर 'वृक्षराज' स्पष्ट वाचता येत होतं.

"हा का घेतलात?"

"पातळ हाय," ती म्हणाली. "लगीच फाटंल. जाड कागद खोटं बोलतो."

माझ्या गद्याला इतक्या उपयोगाचं काम कधी मिळालं नव्हतं.

संध्याकाळी बातमी पाठवली. 'सर्व ग्रामस्थांनी एकमुखाने निर्धार केला आणि एका जखमी वृक्षाला जीवदान मिळाले.' या वाक्याला छान लय आहे.


मंगळवार, २३ मे

बातमी पहिल्या पानावर. फोटोत सोनबा तात्या, काठी उंचावून. संपादकांनी स्वतः फोन केला. म्हणाले, असं सकारात्मक काही देत जा. रामभाऊंनी पैसे घेतले नाहीत. योगिनीने बातमी दोनदा वाचली आणि घडी घालून टेबलावर ठेवली. विचारलं, आवडली नाही का? म्हणाली, "लय छान आहे." ती असं बोलते तेव्हा पुढे काहीतरी असतं, पण मी विचारलं नाही.


गुरुवार, ८ जून

अंथुर्ण्याहून चिठ्ठी नाही, फोन नाही. म्हणजे उभा असणार. लिंब पडला तर दुकानदार कळवतोच, पडला नाही तरी कळवतो.


शनिवार, १७ जून

काल संध्याकाळपासून वारा. बारामतीत दोन ठिकाणी तारा तुटल्या, वीज गेली. समोरच्या शेडचा पत्रा उडून आमच्या फाटकाला येऊन टेकला. दुकानदाराचा फोन लागत नव्हता. योगिनी म्हणाली, "किती वेळा फिरवाल? डायल झिजेल." मी म्हणालो, ऑफिसचं काम आहे. ती म्हणाली, "तुम्ही ऑफिसचं काम इतक्या वेळा कधी केलेलं मी पाहिलं नाही."


रविवार, १८ जून

सकाळच्या गाडीने गेलो. फाट्यापासून चालत जाताना मान उंच करून पाहत होतो. उसाच्या वर शेंडा दिसला, आणि मी इतक्या मोठ्याने 'आहे' म्हणालो की बैलगाडीवाल्याने वळून पाहिलं.

उभा आहे. जिथे करवत फिरली तिथे तांबूस कोवळी पालवी फुटली आहे, बोटभर. सळयांवर गंज चढायला लागलाय. सोनबा तात्या परवाच सांगवीला गेले म्हणे, जाताना लिंबाला "नीट ऱ्हा" असं सांगून.

प्रतीक्षाने चहा दिला, बशीसकट. रात्री सगळे जुन्या घरात होते. पण पायल ऐकत नाही, दुपारची झोप नव्या खोलीतच लागते तिला, तिथे गार असतं. आत पाहिलं तर जमिनीवर गोधडीवर झोपली होती, पाय भिंतीवर टेकवून. तिची आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. शेंग फोडायची, एकदा आत बघायचं, एकदा वर बघायचं, पुन्हा शेंग. तिला हे करताना कळत असेल असं वाटलं नाही.

पिशवीचा तुकडा उचलून दाखवला. पट्ट्या शाबूत. 'वृक्षराज' थोडा फिकट झालाय.

मग तिने विचारलं, "पेपरात माझं नाव का न्हाय आलं?"

मला हसू आलं. म्हणालो, "अहो, तात्यांचा फोटो आला तेव्हा तात्या पटक्याला इस्त्री करून घेऊन बसले होते. तुमचाही फोटो काढू."

ती हसली नाही. "फोटू नको. तुमी लिव्हलं, गावानं ठरवलं. गावानं कुठं ठरवलं? मी ठरवलं."

"वाक्य तसं जुळलं," मी म्हणालो.

"राहिला तर गावानं ठरवलं. आन् पडला, तवा कुणाचं नाव छापणार?"

बशीत चहा होता तो मी प्यालो. निवलेला होता.

परतीच्या गाडीत मी मनात नवी बातमी जुळवायला लागलो. तिचं नाव पहिल्या ओळीत घ्यायचं, पट्ट्यांचं लिहायचं, अटी लिहायच्या. लिहीन. उद्याच लिहीन. आज मला डेस्कसाठी काही लिहायचं नाही, इथे एवढंच लिहायचं आहे.

बैठकीच्या त्या रविवारी अंगणात जेवढी माणसं बसली होती, ती माझ्या चाळीस ओळींनी गोळा केली होती. सगळी ठेवायच्या बाजूची, मी खुर्चीवरून सगळ्यात मोठ्याने. त्यांच्या मधोमध तिला पिठाच्या हातांनी उभं केलं. तिने एक दिवस मागितला, पट्ट्या पाहिल्या, स्लॅबवर जाऊन वारा पाहिला, तिच्या निर्णयात मला एकही भोक सापडत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती बाहेर येऊन 'तोडा' म्हणाली असती, तर आम्ही तो तोडू दिला असता का? मला वाटतं, नसता दिला. मी तर पहिल्या पानावर लिहून तिला हरवलं असतं. हे तिला त्या दिवशीच माहीत असेल, आणि ते जमेस धरूनच तिने अटी घातल्या असतील, तर मग हा निर्णय तिचा किती आणि आमचा किती?

हे तिला विचारायचं मला धाडस झालं नाही. पायल त्या खोलीत झोपते. मला भीती वाटते.